उलट्या बटणांचा कोट

रत्नागिरी तालुक्यात मेलेला प्रत्येक पुरुष एकाच कोटात भिंतीवर चढतो. निळा कोट, तांबडा टाय, कडक पांढरी कॉलर. जन्मभर ज्याने भातशेताच्या चिखलणीत कंबर मोडली आणि लग्नाकार्यालासुद्धा इस्त्रीचा शर्ट घातला नाही, तोही गेल्यावर बँकेचा मॅनेजर होतो. मागे बर्फाचे डोंगर, नाहीतर धबधबा. पावसाळ्यात आमच्याकडे दर दोन वळणांवर फुकटचा धबधबा कोसळत असतो, पण तो चालत नाही. फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरमधलाच लागतो. हातखंब्यापासून पालीपर्यंत कितीतरी घरांत मी हे कोट पाहिलेत आणि चहा पिता पिता मनातल्या मनात हसलेय. आपल्या घरच्या भिंतीवर काय टांगलंय, हे तेव्हा मी सोयीस्करपणे विसरत असे.

माझे वडील पालीच्या बाजारात टेलर होते. आसपासच्या गावांतल्या नवरदेवांचे कोट त्यांच्या हातचे असत. आई शेतातलं आणि घरातलं आवरून संध्याकाळी शर्टांची काजं हाताने घालायची, बटणं लावायची. मी त्यांची थोरली मुलगी. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, रत्नागिरीत राहिले आणि तिथेच निवृत्त झाले. सुईत दोरा ओवायला मला आजही तीनदा थुंकी लावावी लागते. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले. बाराव्याला फोटो हवा म्हणून मुंबईहून आलेल्या धाकट्या भावाने घरातला एक जुना फोटो शहरातल्या फोटोवाल्याला नेऊन दिला. परत आला तो फ्रेममधला निळा कोट आणि कोटावर बसवलेलं वडिलांचं डोकं. जुना फोटो परत आलाच नाही. नंतर आई माझ्याकडे राहायला आली आणि तिच्याबरोबर कोटही आला.

गेल्या दिवाळीच्या आधी घराला रंग काढला, तेव्हा फ्रेम खाली उतरली. ब्याऐंशी वर्षांची आई ती मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने काच पुसत बसली होती. पुसता पुसता म्हणाली, "ह्यो कोट बायकांचा हाय."

मला वाटलं, वय झालं.

"बटनं कुठल्या बाजूला हायत बघ. खिसा बघ. पुरुसाचा खिसा डाव्या छातीवर असतो का उजव्या?"

मी पाहिलं. खिसा उजव्या छातीवर होता आणि त्यातून तांबडा रुमाल डोकावत होता. बटणंही बायकांच्या ब्लाउजला असतात त्या बाजूला. डोकं नीट बसावं म्हणून फोटोवाल्याने अख्खा कोट आरशातल्यासारखा उलटा फिरवला होता. पोराच्या वहीतली चुकलेली वेलांटी मला वर्गाच्या दारातून दिसायची. आणि हे अकरा वर्षं नाकासमोर असून मला दिसलं नव्हतं.

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"पोरानं हौसेनं केलंन, म्हटलं कशाला बोला. आनि मी काय, आज हाय उद्या न्हाय. थोडे दिस चालवून घ्यावं. पन मेली मी मरतच न्हाय." तिने फडकं पिळलं. "रोज सकाळी उटून परक्याच्या कोटाला हार घालतंय गो मी. पोरानं दिलेला त्यो फोटो तुज्या आत्याच्या पोरीच्या लग्नातला. निळ्या रेघांचा शर्ट घातलेला त्यांनी. शिवलेला त्यांनी, काजं माजी. त्या शर्टात मला त्यांना बघायचंय. जायच्या आधी."

एवढंच तिचं मागणं होतं. माझ्या आईने माझ्याकडे आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही, सूचना मात्र अखंड केल्या.

मी फ्रेम पिशवीत घालून फोटोवाल्याकडे गेले. तो अजून त्याच गाळ्यात होता. मधल्या काळात त्याचं पोट आणि दुकानाची पाटी दोन्ही वाढली होती. मी बटणं दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतंय?" मी म्हटलं, माझी आई बघते, रोज सकाळी आंघोळ करून बघते. मग विचारलं की हा कोट काढून खालचा मूळ शर्ट दाखवता येईल का. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कोट काढता येत नाही. कोटाखाली काही नसतं." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला दोन मिनिटं वडिलांकडे बघवेना. मूळ फोटो? हार्ड डिस्क उडाली. कागदाचा? तो तर तुमच्याच माणसाने नेला असेल. हवं तर आता फेट्यातले करून देतो, म्हणाला, फेटे खूप चालतात हल्ली. वर अंगठ्याने मिशी दाखवली, म्हणजे मिशीही मिळेल. माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात मिशी ठेवली नव्हती.

फ्रेम पिशवीत घालून मी तिथून निघाले ती सरळ मांडवीला, आत्याकडे. आत्या म्हणजे वडिलांची सख्खी बहीण. तिच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम तिच्या गोदरेजच्या कपाटात होता, आणि तो कपाटाबाहेर गेला तर तिच्या मुलीचा संसार मोडेल अशी तिची समजूत असावी. "इथंच बघ आनि इथंच ठेव," ती म्हणाली. फोटो प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली चिकटून बसलेला. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढायला लागले. पहिल्यात ट्यूबलाइट आली. दुसऱ्यात माझा अंगठा. तिसऱ्यात आत्या, कारण तिला वाटलं मी तिचा काढतेय. बाविसाव्या वेळी जमलं.

फोटोत मांडवाच्या खांबाजवळ वडील उभे होते. उन्हामुळे डोळे बारीक केलेले, आखूड बाह्यांचा निळ्या रेघांचा शर्ट, खिशात पेन. त्यांच्या शेजारी आई, डोक्यावर पदर, तोंड अर्धवट वळलेलं, आणि तिच्या उजव्या हाताच्या चिमटीत त्यांच्या डाव्या बाहीची कड. त्या दोघांचा मिळून काढलेला तो एकच फोटो. घरातली प्रत फोटोवाल्याने गिळली होती.

आता तुम्ही म्हणाल, झालं की काम, हाच मोठा करून लावायचा. तसं होत नाही. जित्या माणसाच्या फोटोला हार चढत नाही. फ्रेममध्ये वडील असले तर हार हवाच, आणि हार असला तर आई त्यात नको. आईने स्वतःच बजावलं, "मला काढ त्यातून. मला एवढी घाई न्हाय." बरं, चेहऱ्यापुरता कापावा तर तेही नाही. तिला शर्ट सगळा हवा होता, बटणं मोजता येतील असा. म्हणजे तिचा पदर, तिचा हात आणि ती चिमटी, सगळं मधून उचलून वडील शाबूत ठेवायचे. त्या गाळ्यातल्या माणसाकडे हे पुन्हा न्यायचं माझ्या जिवावर आलं. मी ठरवलं, आपणच शिकायचं. पोरंटोरं करतात, तर मला न यायला काय झालं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

एका फरसाणाच्या दुकानावर वरच्या मजल्याला क्लास होता. पाटीवर लिहिलं होतं, ‘पंधरा दिवसात फोटो एडीटिंग मास्टर’. ‘एडिटिंग’ची वेलांटी चुकलेली, त्यामुळे मास्तर कसा असेल याचा अंदाज जिन्यातच आला. शिकवणारा तिशीचा होता. त्याने मला ‘काकू’ म्हटलं. छत्तीस वर्षं सारा गाव मला ‘बाई’ म्हणत आला आणि इथे एका माउससाठी मी काकू झाले. माझ्याखेरीज दोघे शिकणारे होते. एक ब्युटी पार्लरवाली आणि एक बॅनरवाला, जो वाढदिवसाचे बॅनर करायचा. तालुक्यात जितके भावी सरपंच आहेत तितके मतदार तरी आहेत का, असं त्याच्याकडे बघून वाटायचं. बॅनरवर कुणाचा चेहरा कुणापेक्षा सुपारीएवढा लहान झाला म्हणून कसा राडा झाला, हे तो अभिमानाने सांगायचा.

पहिल्या दिवशी मास्तरने काय शिकवावं? गोरं करणं. माणूस घ्यायचा, त्याची कातडी निवडायची आणि एक पट्टी उजवीकडे सरकवायची. पट्टी जितकी सरकेल तितका माणूस पिठात पडल्यासारखा होतो. सरावासाठी स्वतःचा फोटो आणायला सांगितला होता. आमचं पार्लर उत्साहाने इतकं गोरं झालं की शेवटी नुसते डोळे आणि कुंकू उरलं. माझ्यावर पट्टी सरकवायला मास्तर पुढे आला, तेव्हा मी त्याचा हात धरला. "मी काळी आहे ते सगळ्या शाळेला माहीत आहे," म्हटलं. दुसऱ्या दिवशी आकाश बदलणं. कोकणातलं ढगाळ आकाश काढून तिथे नारिंगी आकाश. का, तर चांगलं दिसतं. तिसऱ्या दिवशी पोट आत घेणं. तीन दिवसांत जे जे देवाने दिलं होतं ते ते काढून झालं. चौथ्या दिवशी मी उभी राहिले आणि विचारलं, "चिमटी कशी काढायची?"

मास्तरला चिमटी कळेना. मी फोटो दाखवला. त्याने डोकं खाजवलं आणि त्याचं सगळ्यात मोठं गुपित सांगितलं, "काकू, मूळ फोटोला हात लावायचा नाही. कधीच नाही. त्याची कॉपी करायची, ती वरती ठेवायची आणि काय चिरफाड करायची ती वरच्यावर करायची. खालचा तसाच." हे वाक्य तो रोज दहा वेळा म्हणायचा, जेवण झालं का या चालीवर, त्यामुळे मी आधी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. एकावर एक ठेवलेल्या या फोटोंना तो लेअर म्हणायचा. प्रत्येक लेअरच्या शेजारी एक बारीक डोळा असतो. डोळ्यावर टिचकी मारली की तो लेअर दिसेनासा होतो. पुन्हा मारली की दिसतो. मला त्या माणसाची वेलांटी, त्याचं आकाश, त्याचं काकू म्हणणं, काही म्हणता काही आवडलं नाही. पण पंधरा दिवसांत एक खरी गोष्ट त्याने शिकवली, आणि मी ती जवळजवळ ऐकलीच नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे.

घरी भाचीने वापरून दिलेला कॉम्प्युटर होता. चिमटी काढायची म्हणजे शर्टाचा जवळचा चांगला तुकडा उचलायचा आणि बोटांवर चिकटवायचा. याला ते क्लोन म्हणतात. माझ्या वडिलांनी याला ठिगळ म्हटलं असतं. साध्या कापडावर कुणीही लावेल, पण शर्ट रेघांचा. ठिगळावरची रेघ खालच्या रेघेला जुळेल तर शपथ. वडील रेघांच्या कापडाचा खिसा लावायचे तेव्हा खिसा आहे हे बोटाने चाचपल्याशिवाय कळायचं नाही. आणि त्यांची मुलगी इथे त्यांच्याच बाहीवर झेब्रा काढत बसली होती. प्रोग्राम वाईट आहे, माउस अडकतो, स्क्रीन लहान आहे, असं मी आईला रोज ऐकवत होते. नाचता येईना अंगण वाकडे.

आई माझ्या मागे खुर्ची टाकून बसायची, चष्मा नाकावर, नाक स्क्रीनला. "रेघ मोडली." मी पुसायची. "परत मोडली. उभी हाय ती, आडवी कशाला नेतंस?" शाळेत मी तपासणी अधिकाऱ्यांना घाबरले नाही, पण या बाईला घाबरायची. एकदा मी खिशाखालचं एक बटण चुकून पुसलं, तर तिला ते चहा ओतता ओतता लांबून दिसलं. "सा होती. पाच कशी झाली?" तीन आठवडे हेच चाललं. पदर गेला, मग तिचा खांदा, मग कोपर. शेवटी एक एक करून बोटं. आपल्या आईची बोटं एक एक करून पुसणं हे काम कसं वाटतं, ते मी इथे सांगत नाही. ती शेजारी बसून "अजून जरा नख ऱ्हायलंय" म्हणत होती.

एका दुपारी सगळं जमलं. रेघा सरळ, बटणं सहा, खिसा डावीकडे, पेन खिशात. वडील उन्हात डोळे बारीक करून उभे, स्वतःच्या शर्टात. मी आईला हाक मारली आणि कौतुकाची वाट बघत बसले.

तिने पाहिलं. बटणं मोजली. मग तिचा चेहरा चिडका झाला. "बाहीला चुनी कसली ही?"

खरंच होती. डाव्या बाहीच्या कडेला कापड ओढल्यासारखं ताणलेलं, रेघा एका ठिकाणी गोळा झालेल्या. बोटं गेली होती, पण ओढ राहिली होती.

"ह्यांच्या शिवनीला चुनी?" आईचा आवाज चढला. "उभ्या जल्मात कधी आली न्हाय. लोक म्हनतील, टेलर आनि सोताच्या बाहीला चुनी. काय केलंस गो तू हे?"

तीन आठवड्यांची मान दुखत होती. मीही भडकले. "मी नाही केलं! तूच केलंस!" म्हणत मी वरच्या लेअरच्या डोळ्यावर टिचकी मारली. वरचा गेला आणि खालचा मूळ फोटो उघडा पडला. पदर, कोपर, चिमटीत धरलेली बाही. आई आपल्या हाताकडे बघत राहिली.

मग हळूच म्हणाली, "त्ये पंगतीला चालले होते. फोटोचं नाव काढलं की पळायचे. मी म्हटलं थांबा जरा, आनि धरून ठेवलं." तिने स्क्रीनवर बाहीला बोट लावलं. "एकच तर निघाला."

"थांब, तीही काढते," मी म्हटलं. माझा राग उतरला होता आणि मला वाईट वाटत होतं. "कापड सरळ करता येतं, मास्तरने दाखवलंय."

"ऱ्हाऊ दे. त्यांची शिवन सरळच होती. ही माजी हाय." आणि पदराने चष्मा पुसत, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, "मी गेले की मला परत लाव तिथं. जमंल ना तुला?"

मी हो म्हटलं. ते काम कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात सोपं आहे. एक टिचकी.

चुणीसकट फोटो छापून आणला, त्याच फ्रेममध्ये बसवला, आणि आईने दुसऱ्या दिवशी हार घातला तेव्हा फुलं बाजूला सारून बटणं पाहिली. पुढच्या गणपतीला भाऊ मुंबईहून आला आणि दारातच थबकला. "कोट कुठे गेला?" मी अकरा वर्षांचं साठवलेलं त्याला ऐकवायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "ताई, बाबांनी सगळ्या पालीचे कोट शिवले. स्वतःला एक शिवला नाही. म्हणून मी त्या फोटोवाल्याला मुद्दाम सांगितलं होतं, कोटच घाल." मी त्याच्या हातातली बॅग घेतली. आई म्हणाली, "मग बटनं तरी सरळ लावून घ्यायची रे." जाताना भाऊ कोटातला फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. मुंबईच्या खोलीत आता वडील साहेब आहेत.

फोटोवाला अजून सगळ्यांना कोट घालतोच आहे. क्लासच्या पाटीवरची वेलांटीही तशीच आहे. मी एकदा सांगून आले. आणि मी मास्टर वगैरे काही झाले नाही. शेजारपाजारचे मुलीचा स्थळासाठीचा फोटो जरा उजळून द्या म्हणून येतात, त्यांना मी येत नाही म्हणून सांगते.

आई मात्र दोन-तीन महिन्यांनी एकदा खुर्ची ओढून कॉम्प्युटरपाशी येते. "हाय ना गो मी त्यात? का पुसलंस?" आहेस, असं सांगून भागत नाही. "दाखव." मी फाइल उघडते, वरच्या लेअरच्या डोळ्यावर टिचकी मारते, आणि ती बाही धरून उभी राहते. खुर्चीतली आई तिच्याकडे बघते. पदर नीट आहे का बघते. वडिलांचा हात बघते. मग समाधानाने म्हणते, "हां. झाक आता मला."

टिचकी मारायला मी जरा वेळ लावते. माउस अडकतो, असं मी तिला दर वेळी सांगते.